मोटारीची कल्हई



दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवसांची गोष्ट. सांगली जिल्ह्यातील एका द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीच्या कामानिमित्त गेलो होतो. बाग पाहून झाली आणि आम्ही ओसरीवर चहाला बसलो. बागायतदाराने घरातून कागदांची पिशवी आणली. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांच्या घरात पहिली मोटार येणार होती. कागदावर गाडीची किंमत, विमा, नोंदणी असे सगळे होते आणि त्याखाली आणखी एक ओळ होती : ‘सिरॅमिक कोटिंग, ३०,००० रुपये’. ही रक्कमही कर्जातच धरलेली होती.

“साहेब, ही काय भानगड आहे? पोरगा म्हणतोय, करूनच घेऊया. गाडी विकणारा म्हणाला, रंग जन्मभर नव्यासारखा राहतो, ओरखडासुद्धा उठत नाही. आणि इकडं मला छाटणीच्या मजुरीला पैसे कमी पडायला लागलेत.”

मुलगा दाराला टेकून उभा होता. त्याची आजी उंबऱ्याजवळ लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारले, “म्हंजे आपल्या भांड्याच्या कल्हईवानीच की वो सायेब?”

त्या एका प्रश्नात निम्मे उत्तर होते. उरलेले निम्मे मी त्यांना ओसरीवर सांगितले. तेच आज तुम्हांला सांगतो. शेतीच्या साप्ताहिकात मोटारीच्या रंगाचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण आज कित्येक शेतकरी घरांच्या अंगणात ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, कुठे नवी तर कुठे जुनी मोटार आहे. पीक विकून आलेला पैसा त्यात अडकलेला असतो. तो पैसा सांभाळणे हा शेतीचाच भाग आहे.

रंग म्हणजे एकच थर नव्हे

मोटारीचा पत्रा लोखंडाचा. कारखान्यात तो आधी धुऊन तेलकटपणा काढतात, फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. गंजापासून खरे संरक्षण करतो तो हा थर. त्यावर अस्तराचा रंग, त्यावर आपल्याला दिसणारा लाल-पांढरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगणाचा थर असतो. चकाकी दिसते ती या रोगणाची. रंग उन्हाने उडू नये म्हणून सूर्यप्रकाशातील घातक किरण शोषणारी द्रव्येही याच रोगणात घातलेली असतात.

हे सगळे थर मिळून जाडी होते सुमारे १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळा रंग मिळून दोन केसांएवढा, आणि वरचे रोगण तर एका केसापेक्षाही पातळ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

चिनी मातीची बरणी नव्हे

सिरॅमिक म्हटले की आपल्याला लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवते. पण बरणीवरची झिलई भट्टीत हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजून पक्की होते. मोटारीला असे भाजता येत नाही. मोटारीचा सिरॅमिक लेप हा लहान बाटलीत येणारा एक द्रव असतो. वाळूमध्ये असते तेच सिलिका नावाचे द्रव्य तयार होईल अशी रसायने त्यात असतात. स्वच्छ रंगावर तो पातळ चोळला की त्यातील द्रावक उडून जातो, उरलेले द्रव्य हवेतील ओलाव्याशी संयोग पावते आणि रोगणाला घट्ट चिकटलेला काचेसारखा पातळ थर तयार होतो. त्याची जाडी असते फार तर एक-दोन मायक्रॉन.

आता आजीबाईंची कल्हई आठवा. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा पातळ हात दिलेला असतो. कथील पातेल्याला बळकटी देत नाही. ताक, चिंचेचे सार पितळेला लागून कळकू नये एवढेच त्याचे काम. आणि कल्हईवाला कल्हई लावण्याआधी काय करतो? पातेले खसखसून घासतो, भात्याने निखारे फुलवून तापवतो, नवसागर टाकून पुसतो आणि मग कथील फिरवतो. पातेले नीट साफ झाले नाही, तर कल्हई धरत नाही. मोटारीच्या लेपाचेही अगदी असेच आहे. कल्हई वर्ष-दोन वर्षांत जाते, पुन्हा करावी लागते. लेपही झिजतो. जन्मभर टिकणारा लेप अजून कुणी केलेला नाही.

उपयोग आहे तो कोणता?

हा लेप म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असे मी म्हणणार नाही. अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. थेंब गोळा होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. पानावर मेणाचा अतिशय बारीक खडबडीतपणा असतो, म्हणून असे होते. लेपावर पाणी अळूइतके पळत नाही, पण त्या जातीचा गुण त्यात असतो. पाणी पसरून न बसता थेंब होऊन ओघळते. चिखल, धूळ, पक्ष्यांची विष्ठा घट्ट धरून राहत नाही. धुण्याला कष्ट कमी लागतात, चकाकी उठून दिसते. साध्या मेणाचे पॉलिश उन्हापावसात थोड्या महिन्यांत निघून जाते. चांगला लेप, नीट लावला आणि नीट सांभाळला, तर वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काम देतो.

आपल्या भागात रंगाला शत्रू थोडे नाहीत. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आले की झाडाखाली चिकटा गळतो, तो गाडीवर बसतो आणि मग त्यावर काळी बुरशी वाढते. मधमाश्यांचे पिवळे ठिपके, वटवाघळांची घाण, बागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग, हे तुम्ही रोज पाहता. लेप असला तर यातले बरेचसे लवकर सुटते. पण ‘लवकर सुटते’ म्हणजे ‘लागतच नाही’ असे नव्हे. विष्ठा उन्हात दोन-चार दिवस तशीच राहिली, तर लेपालाही डाग पडतो.

‘९ एच’ची पेन्सिल

जाहिरातीत ‘९ एच कठीणपणा’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ऐकणाऱ्याला वाटते, हिऱ्याचा कठीणपणा दहा, म्हणजे हा हिऱ्याच्या खालोखाल. इथे गफलत आहे. खनिजांचा एक ते दहा असा कठीणपणा मोजण्याची पद्धत मोह्‌स या शास्त्रज्ञाने १८१२ साली घालून दिली. ‘९ एच’चा तिच्याशी संबंध नाही. हे माप शिसपेन्सिलीचे आहे. मुलांच्या दप्तरात एचबी पेन्सिल असते, तशा मऊ-कठीण अशा वेगवेगळ्या पेन्सिली मिळतात आणि ९ एच ही त्यांतली अतिशय कठीण पेन्सिल. तिने ओढून ओरखडा उठला नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

मोह्‌सच्या मापाने गारगोटीचा कठीणपणा सात. आपल्या वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतातच. कोरड्या फडक्याने गाडी झटकली की हे कण रंगावर घासले जातात. एक-दोन मायक्रॉनचा लेप त्यापुढे काय टिकणार? बोरीबाभळीच्या काट्याचा ओरखडा, ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा, शेळीने बॉनेटवर चढून केलेला पराक्रम, यांपैकी कशालाही हा लेप अडवत नाही.

माझीच गोष्ट

आता स्वतःची चूक सांगतो, म्हणजे बोलण्यावर विश्वास बसेल. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या आग्रहावरून मी माझ्या गाडीला असा लेप करून घेतला. पैसे मोजून दिले. गाडी आरशासारखी दिसू लागली. मी निर्धास्त झालो, आणि चूक झाली ती तिथेच.

पहिली चूक पाण्याची. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षाराचे. भर दुपारी उन्हात गाडी धुऊन मी ती तशीच वाळू देत असे. पाणी उडून जाई आणि क्षार मागे राही. दोन महिन्यांत लेपावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उठली. घासून जाईनात. शेवटी पुन्हा पॉलिश करावे लागले आणि पॉलिशमध्ये लेपही गेला.

दुसरी चूक त्याहून मोठी. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटसाठी युरिया आणि पोटॅशच्या पिशव्या मी डिकीतून नेत असे. एकदा पिशवी फाटली. वरवर झाडून घेतले, पण बारीक कण मॅटच्या खाली गेले. युरिया हवेतला ओलावा ओढतो, पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि ओलावा व क्लोराइड एकत्र आले की लोखंडाला गंज झपाट्याने धरतो. शेतकऱ्यांना हे मी स्वतः सभेत सांगत आलो आहे. दोन पावसाळ्यांनंतर मॅट उचलली तेव्हा खालचा पत्रा पापुद्र्यासारखा हातात आला. वरून चकचकीत आणि आतून चाळण. पत्र्याचे ठिगळ वेल्डिंग करून बसवावे लागले. ते ठिगळ आजही गाडीत आहे, आणि खताची पिशवी डिकीत ठेवायला हात गेला की ते मला आठवते.

मोटार मरते ती बहुधा वरच्या रंगाने नव्हे. ती मरते खालून आणि आतून. चाकांवरच्या पोकळीत साचलेला चिखल, दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी ठेवलेली व नंतर मातीने बुजलेली भोके, मॅटखालचा ओलावा, कोकणपट्टीत समुद्राची खारी हवा, ही गंजाची खरी घरे. वरचा सिरॅमिक लेप तिथे पोहोचतच नाही.

पैशांचा हिशेब

ओसरीवर मी मुलाला कागद-पेन घ्यायला लावले. समजा, ३०,००० रुपये शेकडा १० व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात गेले. महिन्याचा हप्ता सुमारे ६३७ रुपयांनी वाढतो. साठ हप्त्यांत भरायचे सुमारे ३८,२०० रुपये. म्हणजे आठ हजारांहून अधिक नुसते व्याज. आणि लेप दोन-तीन वर्षांत झिजला, तर झिजलेल्या लेपाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालूच! मुलाने आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि गप्प झाला.

म्हणून पहिला नियम असा, की लेप करायचाच असेल तर रोखीने करा, कर्जात घालू नका. आणि आधी गाडीला छप्पर, मग लेप. ऊन अडवायला छपरासारखे दुसरे औषध नाही.

करून घ्यायचा असेल तर

ज्यांना झेपते त्यांनी जरूर करावा, पण पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

१. लेपाआधी गाडी कशी तयार करणार? धुणे, रुतलेले कण काढणे, पॉलिश आणि शेवटी स्पिरिटसारख्या द्रावकाने तेलकटपणा पुसणे, एवढे झालेच पाहिजे. दिसणारी बरीचशी चमक या तयारीची असते. नुसता लेप फासून तासाभरात गाडी देणाऱ्याकडे जाऊ नका.

२. पॉलिश किती करणार? पॉलिश म्हणजे रोगण थोडे थोडे खरवडणे. एका केसापेक्षा पातळ थर आहे, हे आठवा. नव्या गाडीला हलका हात पुरे. जुन्या गाडीच्या रंगाची जाडी यंत्राने मोजूनच काम करावे.

३. जागा कशी आहे? बंद, सावलीची, धूळ नसलेली जागा हवी. रस्त्याकडेला उघड्यावर केलेला लेप म्हणजे धुळीवर कल्हई.

४. हमी कोणती? ती लेखी घ्या आणि बारीक अक्षरे वाचा. ठरावीक महिन्यांनी पैसे देऊन तपासणी केली नाही तर हमी रद्द, अशी अट बहुधा असते. तो खर्चही आधीच धरा.

५. दर गावोगाव वेगळे आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि पावती घ्या.

लेप झाल्यावर पहिले आठवडाभर गाडी धुऊ नका, लेप पक्का होऊ द्या. अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेला भाग असेल, तर तो पूर्ण वाळायला काही आठवडे जाऊ द्या आणि मगच लेप करा. बाटली आणून घरी लावणारेही आहेत. त्यांना एवढेच सांगणे, की हातमोजे घाला, तोंडाला योग्य मास्क लावा, हवा खेळती ठेवा, जवळपास चूल, विडी नको. या द्रवातील द्रावक पेट घेतात. लावलेला द्रव सांगितलेल्या वेळेत पुसला नाही तर ओघळ वाळून बसतात आणि पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत.

फुकटची कल्हई

लेप असो वा नसो, पुढील कामे घरच्या घरी होतात. घरातील मुलामुलींनाही ती सहज जमतील.

गाडी सावलीत आणि गार झाल्यावर धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ-चिखल खाली पाडा, मग हात लावा. दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी कापड खळबळण्याची. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांची घासणी वापरू नका. गाडी धुण्याचा सौम्य साबण आणि मऊ, केसाळ सुती किंवा मायक्रोफायबरचे कापड पुरे. शेवटी पाणी वाळू न देता पुसून घ्या. बोअरचे पाणी क्षाराचे असेल, तर पावसाळ्यात पागोळीचे पाणी पिंपात धरून ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. शेवटचा हात त्या पाण्याचा द्या.

पक्ष्याची घाण दिसली की ओले फडके पाच मिनिटे त्यावर ठेवा आणि मग अलगद उचला. नखाने खरवडू नका. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका. ब्लोअरने फवारणी चालू असेल तेव्हा गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करा. बोर्डोचा शिंतोडा उडालाच तर त्याच दिवशी पाण्याने धुवा. मोरचूद लोखंडावर काय करते, हे शाळेत खिळा बुडवून आपण सर्वांनी पाहिले आहे. रंग उडालेल्या जागी ते तसेच काम करते. धुळीने भरलेल्या गाडीवर आच्छादन घालू नका. वाऱ्याने ते हलते आणि पॉलिशपेपरसारखे रंग घासत राहते.

खताची पोती, मीठ, ओला चारा मोटारीत नेऊ नका. न्यावेच लागले तर खाली जाड ताडपत्री घाला आणि त्याच दिवशी झाडून, पुसून, दारे उघडी ठेवून वारा द्या. पावसाळा संपला की चाकांच्या आतली माती जोराच्या पाण्याने काढा, दाराखालची भोके काडीने मोकळी करा.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पेरणी यंत्राला हा महागडा लेप लावण्याच्या फंदात पडू नका. पेरणी यंत्राची खताची पेटी हंगाम संपताच रिकामी करून धुवा, वाळवा आणि ग्रीसचा हात द्या. ट्रॉलीच्या पत्र्यावर गंज दिसला तर तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या आणि वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्या. गंजावरच रंग फासला तर गंज आतून वाढतच राहतो. इंजिनातले जळके ऑइल पत्र्याला चोपडण्याची सवय काही ठिकाणी आहे. ते मातीत आणि विहिरीत उतरते, म्हणून ते टाळावे.

त्या घरी पुढे काय झाले, ते सांगतो. कर्जाच्या कागदातील ती ओळ त्यांनी खोडायला लावली. दसऱ्याला गाडी आली, तिला झेंडूचा हार पडला, ओवाळणी झाली. हाती होते ते पैसे छाटणीच्या मजुरीला गेले आणि घरच्या जुन्या पत्र्यांतून गोठ्यापासून दूर एक साधे छप्पर उभे राहिले. लेपाचे काय ते बागेचा माल विकल्यावर, रोखीने आणि चार ठिकाणी चौकशी करून बघू, असे बापलेकांचे ठरले. मुलगा सुरुवातीला थोडा हिरमुसला होता. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा तो सकाळी सावलीत दोन बादल्या घेऊन गाडी धूत होता आणि आजी ओसरीवरून सूचना देत होती, “आरं, आधी पानी वत, मग हात लाव!”

तर मंडळी, या रविवारी एवढे एक काम कराच. तुमच्या गाडीची मागची मॅट उचला आणि खालच्या पत्र्यावरून हात फिरवून पाहा. ओल लागली, खताचे कण दिसले किंवा बोटाला तांबूस भुकटी आली, तर गाडी दिवसभर उघडी टाकून कोरडी करा. गंज अजून वरवर असेल, तर घासून, रेड ऑक्साइड लावून तो तिथेच थांबवता येतो. वरच्या चकाकीचा विचार त्यानंतर करा.